अक्षर कुणाचं, फाइल कुणाची?

चार वर्षांपूर्वी बनवून दिलेल्या एका वेबसाइटबद्दल मला ईमेल आला. पाठवणारी कंपनी फॉन्ट विकणारी. भाषा अगदी सभ्य. तुमच्या क्लायंटच्या साइटवर आमचा अमुक फॉन्ट चार वेट्समध्ये, म्हणजे चार जाडींत, वापरलेला दिसतो, आमच्या नोंदीत त्या क्लायंटच्या नावे परवाना सापडत नाही, आपल्याकडे पावती असल्यास कृपया पाठवावी. पावती माझ्याकडे होती! फॉन्ट मी रीतसर विकत घेतला होता, स्वतःचं कार्ड वापरून. पंधरा मिनिटांत पावती पाठवली आणि जरा फुशारकीनेच दोन ओळी वर लिहिल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ही पावती डेस्कटॉप परवान्याची आहे, आणि ती तुमच्या नावावर आहे.

म्हणजे चुका दोन होत्या: परवाना वेबसाइटसाठी नव्हता, आणि तो क्लायंटच्या नावावर नव्हता. पहिलीबद्दल सगळे बोलतात. दुसरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. फॉन्टचा परवाना डिझायनरच्या नावावर असण्याची ही जी सवय आपल्या धंद्याला लागली आहे, ती मोडली पाहिजे. परवाना साइटच्या मालकाच्या नावावर हवा, त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दिसायला हवा. आणि फॉन्ट विकणाऱ्यांनीही ते सोपं करायला हवं, कारण सध्याचे करार वाचून प्रामाणिक माणसाचाही जीव मेटाकुटीला येतो.

हे नीट कळायला आधी एक विचित्र गोष्ट समजून घ्यावी लागते. अनेक देशांच्या कायद्यात अक्षराच्या वळणाला संरक्षण कमी आणि ते वळण साठवणाऱ्या फाइलला जास्त आहे. अमेरिकेत पहिलं डिझाइन पेटंट दिलं गेलं १८४२ साली, जॉर्ज ब्रूस या न्यूयॉर्कच्या टाइप बनवणाऱ्याला, तेही छपाईच्या खिळ्यांसाठी. म्हणजे अक्षर ही राखण्याजोगी चीज आहे हे तिथे फार लवकर मान्य झालं होतं. पण कॉपीराइटची गोष्ट वेगळी. १९७८ साली एल्ट्रा विरुद्ध रिंगर या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की टाइपफेसची, म्हणजे अक्षरांच्या वळणाची, कॉपीराइट नोंदणी होत नाही. त्याची कलात्मकता त्याच्या उपयोगापासून वेगळी काढता येत नाही. पुढे संगणक आले. एकाने अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीचे फॉन्ट एडिटरमध्ये उघडून, मापं किंचित बदलून, नवं नाव देऊन विकले. १९९८ मध्ये न्यायालयाने अडोबीच्या बाजूने कौल दिला. वळण मोकळं असेल, पण ते वळण पडद्यावर उमटवण्यासाठी कोणते बिंदू निवडायचे आणि कुठे ठेवायचे हे ज्याने ठरवलं त्याचं लेखन त्या फाइलमध्ये आहे, आणि फाइल म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, असा त्याचा अर्थ.

बाकी जगात प्रत्येकाचं निराळं. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात टाइपफेसला संरक्षण आहे, पण मजकूर जुळवण्याच्या आणि छापण्याच्या रोजच्या कामात तो वापरणं हा भंग मानत नाहीत, आणि टाइपफेसच्या बाबतीत २५ वर्षांची खास मुदतही घातलेली आहे. युरोपीय संघात टाइपफेसची डिझाइन म्हणून नोंदणी होते. सगळ्यांना एका सुतात बांधायचा प्रयत्न १९७३ साली व्हिएन्नात झाला, करार लिहिला गेला, सह्याही झाल्या. पुरेशा देशांनी तो मंजूरच केला नाही, त्यामुळे तो कधी अमलात आला नाही.

आता छपाईवाल्याचा विचार करा. तो पोस्टर बनवतो, छापतो, भिंतीवर लावतो. लोकांपर्यंत पोचते ती शाई. फॉन्टची फाइल त्याच्या संगणकातून हलतही नाही. वेबवाल्याचं तसं नाही. पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रावर ब्राउझर ती फाइल उतरवून घेतो, मग त्यातून अक्षरं काढतो. कायद्याने ज्या गोष्टीला हात लावू दिलेला नाही नेमकी तीच गोष्ट आपण दिवसाला हजारो अनोळखी लोकांना वाटत असतो. आपल्याला वाटतं आपण फॉन्ट वापरतोय. करार लिहिणाऱ्या वकिलाच्या डोळ्यांनी पाहिलं तर आपण वितरक आहोत.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत हा फरक एका ओळीवर दिसतो. फॉन्ट-फॅमिलीच्या ओळीत ‘एरियल’ असं नाव लिहिलं तर काहीच वाटलं जात नाही. वाचणाऱ्याच्या यंत्रावर एरियल असेल तर तो दिसेल, नसेल तर दुसरा दिसेल. पण स्वतःच्या विंडोजच्या फोल्डरमधून एरियलची फाइल उचलून सर्व्हरवर चढवली आणि फॉन्ट-फेसच्या नियमात तिचा पत्ता दिला, की तुम्ही एरियलची मालक कंपनी मोनोटाइप हिच्या परवानगीशिवाय तिचा माल वाटायला घेतला. पडद्यावर दोन्हीकडे अक्षर तेच दिसतं. म्हणूनच नवशिक्याला यात काय वावगं ते कळत नाही, आणि त्याला चोर म्हणणं मला पटत नाही.

फॉन्ट बनवणारे सुरुवातीपासून बिचकून होते ते याच कारणाने. पानासोबत फॉन्ट पाठवण्याची सोय १९९८च्या सीएसएस २ मध्येच लिहिलेली होती. त्याच्या आदल्या वर्षी इंटरनेट एक्सप्लोररने फॉन्ट फाइलचा स्वतःचा इओटी नावाचा साचा आणला होता, ज्यात फाइल ठरावीक पत्त्यांनाच बांधता येत असे. इतर ब्राउझरांनी तो उचलला नाही. मग जवळपास दहा वर्षं सगळं जग मूठभर फॉन्टांवर भागवत होतं. व्हर्डाना आणि जॉर्जिया हे त्या काळातले आपले सोबती. २००८ मध्ये सफारीने आणि २००९ मध्ये फायरफॉक्सने साध्या फॉन्ट फाइल थेट चालवायला सुरुवात केली, तेव्हा फाउंड्रीवाल्यांच्या, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या, पोटात गोळा आला. ज्या फाइलचे ते पैसे घेत होते तीच आता कुणीही पानावरून उतरवून स्वतःच्या यंत्रात बसवू शकत होता. तोडगा निघाला वॉफ या साच्याचा. जोनाथन क्यू, टाल लेमिंग आणि एरिक फान ब्लोकलंड या तिघांनी तो २००९ मध्ये मांडला, २०१२ मध्ये तो वेबचं अधिकृत मानक झाला. तो फाइल आवळतो, कुलूपबंद करत नाही. दाराला नुसती कडी. कडी काढता येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत यायचं नाही एवढं तिच्याकडे बघून कळावं, इतक्यावर दोन्ही बाजू राजी झाल्या. वेबवर इतका समजूतदार समझोता क्वचितच झाला असेल.

त्या साच्यात एक छोटी जागा ठेवलेली आहे. फाइलच्या पोटात हवी असल्यास माहितीची एक पुरवणी जोडता येते: फॉन्ट कुणी काढला, विक्रेता कोण, परवान्याचा मजकूर कुठे आहे, आणि परवानाधारकाचं नाव काय. परवानाधारक! हा खाना साचा बनवणाऱ्यांना सुचला होता. मी आजवर उघडून पाहिलेल्या फाइल्समध्ये तो जवळजवळ नेहमी रिकामा असतो.

तर पहिल्या चुकीकडे वळू. डेस्कटॉप परवाना म्हणजे इतक्या यंत्रांवर किंवा इतक्या माणसांनी फॉन्ट बसवून चित्रं, पीडीएफ, छपाई करायची मुभा. वेबचा परवाना वेगळा, अ‍ॅपचा वेगळा, ई-पुस्तकाचा वेगळा, सर्व्हरवर लोकांना स्वतःचा मजकूर टाकून कार्ड किंवा टी-शर्ट बनवू द्यायचे असतील तर आणखी वेगळा. मी काय केलं होतं? विकत घेतलेली टीटीएफ, म्हणजे संगणकात बसवायच्या फॉन्टची, फाइल एका फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकली आणि वॉफ काढून घेतली. बऱ्याच करारांत रूपांतराला बंदी असते. ते कलम मी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी डेडलाइनच्या रात्री त्याचा कितपत विचार केला असता, सांगवत नाही.

माझी चूक मी मान्य करतो, पण फाउंड्रीवाल्यांना दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहवत नाही. वेब परवाना पेजव्ह्यूवर विकणं हा प्रकार मुळात गंडलेला आहे. महिन्याला अमुक हजार पानं उघडली जाईपर्यंत एक भाव, पुढे दुसरा. मोजणार कोण? साइटवर येणाऱ्यांत माणसं किती आणि बॉट किती? एकाच पानावर सगळा कारभार चालवणाऱ्या आजच्या साइट्समध्ये पेजव्ह्यू म्हणायचं तरी कशाला? काही विक्रेते सोबत एक ओळ देतात, ती सीएसएसमध्ये ठेवा म्हणतात, म्हणजे प्रत्येक भेटीची खबर त्यांच्या सर्व्हरला जाते. वाचकाला न विचारता त्याची ये-जा तिसऱ्या कुणाला कळवायची, तीही अक्षरं दाखवण्याच्या बदल्यात. वर पुन्हा एखादा लेख अचानक गाजला तर त्याचा दंड लेख छापणाऱ्यालाच. काही छोट्या फाउंड्री आता संस्थेच्या आकारावर भाव लावतात, इतके कर्मचारी असतील तर इतके पैसे, मग साइट कितीही चालो. ते मला रास्त वाटतं. क्लायंटला कळतं, आणि पाळायलाही जमतं.

आणखी एक खोच सबसेटची, म्हणजे फॉन्टमधली हवी तेवढीच अक्षरं ठेवण्याची. देवनागरीचा फॉन्ट जड असतो, कारण स्वर-व्यंजनांपलीकडे त्यात शेकडो जोडाक्षरं आणि मात्रांची रूपं बसवलेली असतात. साइट हलकी करायला डिझायनर नको ती अक्षरं छाटतो. मी एकदा एका मराठी साइटसाठी असंच छाटलं. ऑनलाइन साधनाने अक्षरं ठेवली, पण ती कशी जुळवायची याचा तक्ताच फेकून दिला. पानावर ‘प्रक्रिया’ या शब्दातला ‘क्र’ फुटला, पाय मोडलेला ‘क’ आणि शेजारी सुटा ‘र’. ‘दऱ्या’मधला आडवा रफार गायब. तांत्रिक चूक दहा मिनिटांत दुरुस्त झाली. परवान्याची बाजू कळायला वेळ लागला: छाटणं म्हणजे फाइलमध्ये बदल, आणि बदलाला मूळ मालकाची परवानगी लागू शकते. मोफत फॉन्टही याला अपवाद नाहीत.

मोफत म्हटलं की आपण सैल होतो. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. एसआयएल या संस्थेने लिहिलेला हा परवाना. सध्याची आवृत्ती २००७ची. तो दीड-दोन पानांचा आहे आणि एका बैठकीत वाचून होतो. वापरा, वाटा, बदला, स्वतःच्या उत्पादनात घाला. फक्त नुसता फॉन्ट तेवढा विकू नका, परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, आणि बनवणाऱ्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फाइलला ते नाव लावू नका. शेवटची अट सगळे विसरतात. नुसतं वॉफमध्ये रूपांतर चालतं. अक्षरं छाटली की तो बदल झाला, मग राखीव नाव काढावं लागतं. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी यांसारखे फॉन्ट या परवान्यामुळेच आपल्या लिपीत मुक्तपणे वापरता येतात. पण ते बनवणाऱ्यांनी उपाशी राहून बनवलेले नाहीत. अशा कित्येक फॉन्टांमागे काम सोपवणारा आणि पैसे मोजणारा कुणीतरी असतो. या मोफतपणाच्या जोरावर कुणी फाउंड्रीवाल्याला ‘तुम्ही पैसे का मागता’ असं विचारतो, तेव्हा मला हसू येतं.

शिवाय मोफत फॉन्ट परक्या सर्व्हरवरून मागवण्याचीही किंमत असू शकते. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण त्याच्या पानाने गूगल फॉन्ट्स थेट गूगलकडून मागवले आणि त्या ओघात पाहुण्याचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय तिकडे गेला. त्यानंतर जर्मनीत असल्या नोटिशींचा पाऊसच पडला. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवला असता तर हा प्रश्न आला नसता, आणि परवाना तसं करू देतच होता. इथेही पैसे भरले साइटच्या मालकाने. डिझायनरला कुणी विचारलं नाही.

काही मित्र म्हणतात, इतकं कशाला मनावर घेतोस, कोण पकडतंय? आता पकडतात. ब्राउझरमधल्या डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क पट्टीत फॉन्टची गाळणी लावली की फाइलचं नाव दिसतं, ती उतरवून नावांच्या तक्त्यात पाहिलं की कॉपीराइटची ओळ, परवान्याचं वर्णन, त्याचा दुवा सगळं ओळीने लिहिलेलं असतं. जे आपण दोन मिनिटांत पाहू शकतो ते एखादा प्रोग्राम हजारो साइट्सवर पाहू शकतो. फाइलचं नाव बदलून काही साधत नाही, आतलं नाव तसंच राहतं.

आणि कायद्याचा धाक घालणारेच कधीकधी कसे सापडतात तेही सांगण्यासारखं आहे. फ्रान्सने इंटरनेटवरची चोरी रोखायला हदोपी ही सरकारी संस्था काढली. २०१० साली तिचं बोधचिन्ह जाहीर झालं आणि लगेच लक्षात आलं की त्यातली अक्षरं ‘ब्यँव्हन्यू’ या फॉन्टची आहेत, जो झाँ-फ्रान्स्वा पोर्शे यांनी फ्रान्स टेलिकॉमसाठी खास बनवला होता आणि इतर कुणाला वापरायचा नव्हता. घाईघाईने चिन्ह बदललं. दुसरी गोष्ट आणखी मजेची. चित्रपटांच्या पायरसीविरुद्धच्या एका गाजलेल्या जुन्या जाहिरातमोहिमेच्या पीडीएफमध्ये यूस्ट फान रॉसम यांच्या ‘एफएफ कॉन्फिडेन्शियल’ या फॉन्टची नक्कल बसवलेली आहे, असं २०२५ मध्ये एकाने ती फाइल उघडून दाखवलं. या फान रॉसम यांनीच फॉन्ट फाइलचं पोट उघडून वाचण्याचं फॉन्टटूल्स हे साधन सुरू केलं. मीही रोज तेच वापरतो.

या दोन्ही गोष्टी सांगून लोक म्हणतात, बघा, सगळेच करतात. मला त्यात वेगळं दिसतं. हदोपीसारख्या संस्थेच्या बोधचिन्हापर्यंत परका फॉन्ट पोचतो तो कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. कुणीतरी डिझायनरने आपल्या यंत्रातला फॉन्ट उचलला, कुणीतरी फाइल पुढे पाठवली, आणि हा परवाना कुणाच्या नावावर आहे हे विचारायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. माझ्या प्रकरणातही हेच झालं. आपण फोटोचे हक्क विचारतो, डोमेन क्लायंटच्या नावावर घेतो, होस्टिंगचा पासवर्ड त्याच्या हवाली करतो. फॉन्ट मात्र आपल्या यंत्रातून आपसूक निघतो आणि पुढची दहा वर्षं दुसऱ्याच्या सर्व्हरवरून वाटला जातो. डिझायनरने धंदा बंद केला, नंबर बदलला, तरी तो वाटला जातच राहतो.

यावर क्लायंट कुरकुरतात. फॉन्टचे वेगळे पैसे? वर्डमध्ये तर इतके फॉन्ट फुकट आहेत! मी आता दोन पर्याय देतो. एक, ओपन फॉन्ट लायसन्सचा चांगला फॉन्ट, तुमच्या सर्व्हरवर, परवान्याच्या मजकुरासकट. दोन, विकतचा फॉन्ट, परवाना तुमच्या नावावर, पावती तुमच्या ईमेलवर, मी फक्त लिंक पाठवतो. अडोबी फॉन्ट्स हवे असतील तर वर्गणी तुमची, कारण माझ्या वर्गणीवर तुमची साइट चालवणं त्यांच्या अटींत बसत नाही. दहापैकी सात जण पहिला पर्याय घेतात आणि त्यात काहीच बिघडत नाही. उरलेले तीन जेव्हा स्वतः पैसे भरतात तेव्हा एक गंमत होते: ते अटी वाचतात. मी कधी वाचल्या नसत्या इतक्या काळजीने. एका क्लायंटने तर मलाच फोन करून विचारलं, तुमच्या यंत्रावरची प्रत चालते का हो यात?

त्या ईमेलचं पुढे काय झालं? क्लायंटशी अवघड फोन झाला. मागच्या चार वर्षांचे पैसे मी दिले, पुढचा परवाना त्याने घेतला. विक्रेत्याने नवीन फाइल्स पाठवल्या. सवयीने मी त्यातली पहिली उघडली, आणि आतली पुरवणी वाचली. परवानाधारकाचा खाना भरलेला होता. क्लायंटच्या कंपनीचं नाव, पण स्पेलिंग चुकलेलं. ते दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती, पण फाइलमध्ये बदल करायचा नाही असं कराराच्या चौथ्या कलमात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी क्लायंटला सांगितलं, मेल तुम्हीच टाका, परवाना तुमचा आहे.